अपुरी मिति



मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें म्हणून जीं हजारों पत्रें आजवर छापून निघालीं आहेत, त्यांपैकीं पुष्कळांच्या शेवटीं एक लहानशी ओळ असते. "छ २० रबिलाखर" एवढेंच तींत लिहिलेलें असतें. चंद्राची तारीख आहे, महिना आहे; साल मात्र नाहीं. कधीं साल असतें, पण महिना नसतो. कधीं नुसती तिथि आणि वार असतो. कधीं "चार घटका दिवस राहिला असतां" इतकी बारीक वेळ दिलेली असते, आणि ती वेळ कोणत्या वर्षाच्या कोणत्या दिवसाची हें सांगण्याची लेखकास गरज वाटलेली नसते. अशा अपुऱ्या मितीवरून पुरा दिवस कसा काढावा, तो काढतांना कोणत्या चुका होतात, आणि तो न निघाल्यास काय करावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. उदाहरणें घेतांना मीं पुण्याच्या पश्चिमेकडील मुळशीचा मुलूख डोळ्यांसमोर ठेवला आहे. मुठे खोरें, मोसे खोरें, पौड, ताम्हिणीचा घाट, कोरीगड, घनगड हीं नांवें ज्या मुलखांत एकत्र येतात, तो हा मुलूख. तेथील इतिहास मोठ्या लढायांपेक्षां वतनें, सारा, कौल आणि घांटवाटा यांचा आहे, आणि अशा इतिहासांत तारखेला फार किंमत असते.

प्रथम हें ध्यानांत घ्यावयास पाहिजे कीं, अपुरी मिति लिहिणें हा जुन्या कारकुनांचा आळस नव्हे. पत्र पुण्याहून निघून दोन-चार दिवसांत मुक्कामीं पोंचावयाचें. लिहिणारास साल ठाऊक, वाचणारासही ठाऊक. मग तें लिहावयाचें कशाला? आपणही घरीं निरोप पाठवितों तो "शुक्रवारीं येतों" असाच पाठवितों. कोणता शुक्रवार, हें सांगत नाहीं. निरोप घेणारा येणारा शुक्रवार धरतो, आणि तो बरोबरच धरतो. घोटाळा होतो तो तिसऱ्या माणसाचा. दोघांच्या संभाषणांत दोनशें वर्षांनीं जो शिरतो, त्यास त्या दोघांना न बोलतां ठाऊक असलेलें कांहींच ठाऊक नसतें. इतिहाससंशोधक हा असा तिसरा माणूस आहे.

त्याच्यापुढील पहिली अडचण अशी कीं, महाराष्ट्रांत एकाच वेळीं अनेक कालगणना चालत होत्या. पंचांगांत शालिवाहन शक आणि साठ संवत्सरांचें चक्र. मुसलमानी अमलापासून रूढ झालेले हिजरी महिने. दफ्तरांतील सुहूर सन. वसुलाचा फसली सन. शके १५९६ च्या ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीपासून, म्हणजे शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकापासून, सुरू झालेला राज्याभिषेक शक. आणि यांशिवाय गोंव्याचे पोर्तुगीज व मुंबईचे इंग्रज यांची इसवी तारीख, तीही एक नव्हे, दोन. यांतील प्रत्येक वर्षाचा आरंभ निराळा. शक चैत्रांत बदलतो, राज्याभिषेक शक ज्येष्ठांत, सुहूर सन मृग नक्षत्रीं, आणि हिजरी सन दरसाल सुमारें अकरा दिवस मागें सरकत सगळ्या ऋतूंतून फिरतो.

यांपैकीं सुहूर सनाविषयीं थोडें सविस्तर सांगितलें पाहिजे. कारण मराठी दफ्तराची किल्ली तोच आहे. याचे आंकडे इसवी सन १३४४ च्या सुमारास हिजरी सनाशीं जुळलेले होते. पुढें हिजरी सन चांद्र राहिला आणि सुहूर सन सूर्याबरोबर चालूं लागला, म्हणून दोहोंत अंतर पडत गेलें. मृग लागतांच नवें वर्ष, म्हणून यास मृगसाल असेंही म्हणत. मावळांतील शेतकऱ्याला हें वर्ष पटण्यासारखेंच होतें, कारण त्याच्या भाताचा हंगाम तेव्हांच सुरू होतो. सुहूर सनांत ५९९ मिळविले म्हणजे मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतचें इसवी साल निघतें, आणि ६०० मिळविले म्हणजे जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतचें. दक्षिणेंतील फसली सन सुहूर सनाहून नऊंनीं पुढें असतो.

हा सन आंकड्यांत न लिहितां अरबी संख्यावाचक शब्दांनीं लिहीत, आणि तोही एककापासून उलट. इहिदे म्हणजे एक, इसन्ने दोन, सलास तीन, अर्बा चार, खमस पांच, सित सहा, सबा सात, समान आठ, तिसा नऊ. पुढें अशरीन वीस, सलासीन तीस, अर्बैन चाळीस, खमसैन पन्नास, सितैन साठ, सबैन सत्तर, समानीन ऐंशीं, तिसैन नव्वद. मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. "सबा सबैन मया व अलफ" म्हणजे सात, सत्तर, शंभर आणि हजार मिळून ११७७. इसवी सन १७७६-७७. पण घाईच्या पत्रांत कारकून शेवटचे दोन शब्द गाळतो आणि नुसतें "सबा सबैन" लिहितो. आतां हें साल ११७७ कीं १०७७? पहिलें धरल्यास पेशवाई, सवाई माधवरावांचें बालपण आणि नाना फडणिसांचा कारभार. दुसरें धरल्यास १६७६-७७, शिवाजीमहाराजांची कर्नाटकची स्वारी. दोन शब्द गाळल्यानें मध्यें शंभर वर्षांची दरी पडते. शिवाय मोडी अक्षरांत सबा आणि सबैन, सित आणि सितैन, तिसा आणि तिसैन हीं एकमेकांजवळचीं रूपें; कागदाला कसर लागली असली, किंवा शाई पुसट झाली असली, तर एका शेपटावरून साठ वर्षांचा फेर पडूं शकतो.

आतां एक उदाहरण घेऊं. हें पत्र मीं समजुतीसाठीं कल्पिलेलें आहे. परंतु त्यांतील गणित खरें आहे, आणि असें पत्र असणें अशक्य नाहीं. समजा, मुठे खोऱ्यांतील एका गांवच्या पाटलास पुण्याहून पत्र गेलें कीं, कोंकणांतील दंग्यामुळें तुमची रयत डोंगरांत पळाली आहे, तिला कौल देऊन परत आणावी आणि लावणी करवावी. खालीं तारीख: "छ २० रबिलाखर, सन सबा सबैन मया व अलफ." शतकासुद्धां साल दिलेलें आहे, महिना आहे, दिवस आहे. वरवर पाहतां या तारखेंत उणें कांहींच नाहीं. तरीही ती अपुरी आहे.

कारण असें. मृगसाल सुमारें ३६५ दिवसांचें आणि हिजरी बारा महिने ३५४ किंवा ३५५ दिवसांचे. म्हणजे मृगसाल संपण्यापूर्वीच हिजरी महिन्यांचें चक्र एकदां पुरें होतें, आणि वर्षारंभीं ज्या तारखा होऊन गेल्या त्यांतील सुमारें अकरा तारखा वर्षाच्या शेवटीं पुन्हां येतात. सन ११७७ मध्यें रबिलाखरची विसावी तारीख दोनदां येते. एकदां हिजरी ११९० मध्यें, तेव्हां इसवी तारीख ८ जून १७७६; आणि दुसऱ्यांदां हिजरी ११९१ मध्यें, तेव्हां २८ मे १७७७. एकच सन, एकच महिना, एकच चंद्र, आणि दिवस दोन. त्या दोहोंत जवळजवळ एक वर्षाचें अंतर.

या अंतरानें इतिहासांत काय फरक पडतो? पुष्कळ पडतो. १७७६ सालीं सदाशिवरावभाऊंच्या तोतयानें कोंकणांत मोठें बंड उभें केलें होतें. पानिपतावर नाहींसे झालेले भाऊ आपणच, असें सांगून त्यानें किल्ले घेतले आणि लोक जमविले. त्याचा बीमोड होऊन वर्षाखेरीस, डिसेंबरांत, त्यास पुण्यांत देहान्त शासन झालें. कोंकणांतून वर चढणाऱ्या कित्येक वाटा मुळशीच्या घांटमाथ्यावर येतात. पत्र ८ जून १७७६ चें असेल, तर बंड ऐन भरांत आहे. पाटलानें संकटाच्या तोंडाशीं उभें राहून रयत धरून ठेवावयाची आहे. पत्र २८ मे १७७७ चें असेल, तर बंड मोडून पांच महिने झाले आहेत. आतां उजाड गांव पुन्हां वसवावयाचा आहे. पहिल्या पक्षीं तो पाटील धैर्याचा ठरतो, दुसऱ्या पक्षीं व्यवस्थेचा. पुढें त्याच्या वंशजांनीं वतनाच्या भांडणांत "आमच्या वडिलांनीं दंग्यांत सरकारची चाकरी केली" असें म्हणून हा कागद पुढें केला, तर तो पुरावा टिकतो कीं नाहीं, हें या दोन दिवसांपैकीं कोणता खरा यावर अवलंबून आहे.

मग निर्णय कसा करावयाचा? पत्रांत वार असेल तर प्रश्न लगेच सुटतो. ८ जून १७७६ रोजीं शनिवार होता आणि २८ मे १७७७ रोजीं बुधवार. "मंदवार" असा एक शब्द कारकुनानें लिहिला असेल तर पहिला दिवस, "सौम्यवार" लिहिला असेल तर दुसरा. मिति दिली असेल तरी चालेल. पहिल्या दिवशीं ज्येष्ठ वद्य पक्षाची सहावी-सातवी तिथि येते, शके १६९८, दुर्मुख संवत्सर. दुसऱ्या दिवशींही वद्य पक्षाच्या त्याच तिथि, पण महिना वैशाख, शके १६९९, हेमलंबी संवत्सर. मध्यें अधिक मास पडल्यामुळें बारा चांद्र महिने लोटूनही नांव वैशाखाचेंच आलें. वार नाहीं, मिति नाहीं, अशा वेळीं मजकुराकडे पाहावें लागतें. लावणीचा उल्लेख दोन्ही दिवसांना लागू पडेल. पण "पाऊस लागला" असा शब्द असेल तर पारडें जूनकडे झुकेल. झुकेल एवढेंच, तो निर्णय नव्हे.

आतां याच पत्रांतून साल काढून टाका. "छ २० रबिलाखर" एवढेंच उरलें. तरीही सगळाच अंधार नाहीं. तेहतीस हिजरी वर्षें म्हणजे बत्तीस सौर वर्षें आणि वर सुमारें सहा दिवस. म्हणून एखादी हिजरी तारीख एकदां मृगाच्या सुमारास आली कीं, ती तशीच पुन्हां येण्यास सुमारें बत्तीस वर्षें लागतात. रबिलाखरची विसावी १७७६ मध्यें जूनच्या आरंभीं आली. त्यापूर्वीं ती १७४४ च्या आसपास आली होती, आणि नंतर १८०८ च्या आसपास. पत्रांतील मजकूर जर पेरणीचा असेल, तर बत्तीस वर्षांतील तीन-चार वर्षें तेवढीं शिल्लक राहतात. त्यांत शिक्का कोणत्या पेशव्याचा, अक्षर कोणाच्या हातचें, पत्रांत नांवें कोणाचीं, यांची भर घातली कीं बहुधा एकच वर्ष उरतें. येथें एक तत्त्व दिसून येतें. तारखेचा जो भाग कारकुनानें लिहिला नाहीं, तो पत्राच्या पोटांत कोठें तरी असतो; तो शोधावा लागतो. तो आपल्या पदरचा घालावयाचा नसतो.

वाराचें महत्त्व वर सांगितलें, त्याविषयीं आणखी थोडें. तिथि चुकीची लिहिली जाते, महिन्याचें नांव उत्तरेंत आणि दक्षिणेंत निराळें पडतें. आपल्याकडे ज्यास ज्येष्ठ वद्य म्हणतात त्यास उत्तर हिंदुस्थानांत आषाढ वद्य म्हणतात, कारण तिकडे महिना पौर्णिमेस संपतो. हिजरी तारीख चंद्रदर्शनावर असल्यामुळें ढगाळ आकाशानेंही एक दिवस इकडेतिकडे होतो. पानिपतचा संग्राम पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२ या दिवशीं झाला. चंद्राचा हिशेब केला तर तो जमादिलाखरचा सहावा किंवा सातवा दिवस येतो, आणि त्यांतील कोणता, हें त्या महिन्याची कोर कोणत्या संध्याकाळीं दिसली यावर ठरतें. पण वार बुधवार होता, आणि १४ जानेवारी १७६१ लाही बुधवारच येतो. सातांचें चक्र कोणत्याही धर्मानें, कोणत्याही राजानें मोडलेलें नाहीं. म्हणून वार हा तारखेचा तटस्थ साक्षीदार होय. बनावट महजर तयार करणाऱ्यास तिथि आणि संवत्सर जमवितां येतात. पण शंभर वर्षांपूर्वींच्या त्या तिथीला वार कोणता होता, हें पंचांगाच्या गणिताशिवाय कळत नाहीं. जेथें वार बसत नाहीं, तेथें संशोधकाचा हात थांबतो.

शिवजन्माच्या तारखेचा वाद आपणां सर्वांस ठाऊक आहे. बखरींच्या आधारें शके १५४९, म्हणजे इसवी सन १६२७ हें वर्ष पुष्कळ दिवस चालत आलें होतें. भोरजवळील कारी येथील जेधे देशमुखांच्या घरची शकावली लोकमान्य टिळकांच्या हातीं आली आणि त्यांनीं ती १९१६ सालीं प्रसिद्ध केली. तींत शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार असा नोंद केलेला दिवस होता. गणित केल्यावर तो १९ फेब्रुवारी १६३० येतो आणि वारही शुक्रवारच येतो. कवींद्र परमानंदाच्या शिवभारतानें त्याच मितीस दुजोरा दिला. महाराष्ट्र शासनानें हा दिवस २००१ सालीं मान्य केला. येथेंही एक लहानसा सांपळा आहे. शकांत ७८ मिळविले कीं इसवी सन येतो, असा सोपा नियम मुलांना शिकवितात. त्या नियमानें १५५१ चें १६२९ होतें. पण फाल्गुन हा शकाच्या शेवटीं येतो, तोंपर्यंत इसवी साल पालटलेलें असतें; तेथें ७९ मिळविले पाहिजेत. महिना ठाऊक नसतां नुसत्या शकावरून एकच इसवी साल छापणें म्हणजे अर्धवट ज्ञानास पुरें ज्ञान म्हणणें होय. अशा ठिकाणीं १६२९-३० असें जोडसाल लिहिणें हाच प्रामाणिकपणा.

त्याच शकावलीचा एक गुण मला फार आवडतो. शके १५४० पासून १६१९ पर्यंतच्या नोंदी तींत आहेत. जेथें तिथि आणि वार ठाऊक, तेथें ते दिले आहेत. जेथें महिनाच ठाऊक, तेथें महिना. जेथें तोही नाहीं, तेथें नुसता शक आणि संवत्सर. ठाऊक नसलेल्या जागीं प्रतिपदा घालून ओळ सारखी करण्याचा मोह लिहिणारानें धरलेला नाहीं. त्यामुळें ज्या नोंदींत तिथि आहे, तिच्यावर आपला विश्वास बसतो.

दिवसाच्या आरंभाविषयींही असाच विचार करावा लागतो. आपला दिवस सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत, मुसलमानी दिवस सूर्यास्तापासून, आणि इंग्रजी दिवस मध्यरात्रीपासून. दिवसां घडलेल्या गोष्टीला याची बाधा नाहीं. रात्रीं घडलेल्या गोष्टीला आहे. पुण्यांत लाल महालावर शिवाजीमहाराजांनीं शाएस्तेखानावर छापा घातला, तो शके १५८५ च्या चैत्र शुद्ध अष्टमीच्या, रविवारच्या रात्रीं. इंग्रजी तारीख ५ एप्रिल १६६३ अशी देतात. पण रात्रीचे बारा वाजून गेल्यावर जें घडलें, त्यास घड्याळाच्या हिशेबानें सहावी तारीख लागेल, आणि आपल्या हिशेबानें रविवारच राहील. वेळेच्या शब्दांचेंही तसेंच. घटका चोवीस मिनिटांची, हें ठरलेलें. पण प्रहर म्हणजे दिनमानाचा चौथा भाग, आणि दिनमान ऋतूप्रमाणें वाढतें-घटतें. पुण्यास उन्हाळ्यांतील मोठ्या दिवसाचा प्रहर तीन तासांहून बराच मोठा आणि हिंवाळ्यांतला लहान. "दोन घटका दिवस आला असतां" यावरून घड्याळाची वेळ काढावयाची, तर प्रथम दिवस कोणता तें कळलें पाहिजे. तारीख अपुरी असेल तर वेळही अपुरीच राहते.

परकीयांच्या कागदांत तारीख आंकड्यांत असते, म्हणून ती निर्धोक असें मानूं नये. पोप ग्रेगरीची सुधारणा पोर्तुगिजांनीं १५८२ पासून स्वीकारली. इंग्रजांनीं ती १७५२ पर्यंत स्वीकारली नाहीं. त्या वर्षीं त्यांच्याकडे २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला. म्हणून शिवकालांतील एकच घटना गोंव्याच्या कागदांत मुंबईच्या कागदापेक्षां दहा दिवस पुढच्या तारखेची दिसते. राज्याभिषेक इंग्रजांच्या तारखेनें ६ जून १६७४, पोर्तुगिजांच्या तारखेनें १६ जून. दोघांपैकीं कोणीही चुकलेला नाहीं. शिवाय इंग्रजांचें वर्ष तेव्हां २५ मार्चला सुरू होई, त्यामुळें त्यांच्या जानेवारी-फेब्रुवारीच्या पत्रांवर आपल्या हिशेबानें मागलें साल असतें.

हीं सर्व गणितें आज सोपीं वाटतात, तीं ज्यांनीं सोपीं केलीं त्यांचें स्मरण केलें पाहिजे. कोल्हापुरास बाळाजी प्रभाकर मोडक यांनीं १८८९ सालीं जंत्री छापली. शक, हिजरी, सुहूर, फसली आणि इसवी यांचे १७२८ पासूनचे मेळ तींत एकत्र दिले, आणि पेशवाईच्या कागदांना प्रथमच एक कायमची मोजपट्टी मिळाली. मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनीं रॉबर्ट सेवेल यांच्यासह १८९६ मध्यें भारतीय पंचांगावर इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला. त्याच वर्षीं त्यांचा "भारतीय ज्योतिषशास्त्र" हा मराठी ग्रंथ निघाला. मद्रासकडील स्वामीकन्नू पिल्लै यांनीं शेंकडों वर्षांचीं कोष्टकें करून ठेवलीं. १८९८ सालीं राजवाड्यांनीं साधनांचा पहिला खंड काढला, १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ निघालें, १९३० पासून सरदेसायांनीं पेशवे दफ्तरांतील निवडीचे पंचेचाळीस भाग संपादिले. या सर्व कामांत तारखा लावणें हें अर्धें काम होतें. मंडळांतील गणेश हरि खरे यांनीं तर पुढच्या अभ्यासकांसाठीं या शास्त्राचीं सूत्रें मांडून ठेवलीं.

आज हें काम संगणक करतो. पण अपुऱ्या मितीचा प्रश्न त्याच्यापुढेंही जसाच्या तसा उभा राहिला आहे. त्यास शब्दांनीं आज्ञा देऊन तारीख विचारतां येते. ग्नू प्रकल्पाच्या "डेट" नांवाच्या आज्ञेला नुसता वार सांगितला तर ती येणारा वार धरते; नुसती वेळ सांगितली तर आजचा दिवस धरते; दिवस आणि महिना सांगितला तर चालू वर्ष धरते. निरोपासाठीं हें योग्यच आहे. पण हिशेबाच्या जुन्या वहींतील "शुक्रवार" हा होऊन गेलेला शुक्रवार असतो, येणारा नव्हे. यंत्राला हा भेद आपोआप कळत नाहीं. तो सांगावा लागतो. सालाचे शेवटले दोनच आंकडे ठेवण्याच्या संवयीनें २००० साल उगवतांना जगभर केवढी धांदल उडाली, हें आपण पाहिलें आहे. "मया व अलफ" गाळणाऱ्या कारकुनाचीच ती संवय. आतां आंतरराष्ट्रीय प्रमाणसंस्थेनें २०१९ सालीं तारखा लिहिण्याच्या आपल्या नियमांना जोड देऊन संशयित तारीख, अदमासाची तारीख, अर्धीच ठाऊक असलेली तारीख यांना निरनिराळ्या खुणा ठरवून दिल्या आहेत. जेध्यांच्या शकावलीकारानें जो विवेक पाळला, तोच आतां यंत्रांना शिकविला जात आहे.

रिकामी जागा भरण्याचा मोह किती दूर जातो, याचें उदाहरण आपल्या घराघरांत आहे. महाराष्ट्रांत असंख्य लोकांची जन्मतारीख १ जून आहे. खेड्यांतील मूल शाळेंत आणलें, तेव्हां आईबापांनीं सांगितलें कीं, पोर आखाडांत झालें, किंवा मोठ्या पुराच्या सालीं झालें. गुरुजींच्या रजिस्टरांत आखाडाला जागा नव्हती. तेथें दिवस, महिना, साल असे तीन आंकडे पाहिजे होते. शाळा जूनमध्यें भरते, म्हणून १ जून पडला. मूल मोठें झालें, नोकरीस लागलें, आणि त्याच कल्पित दिवसाच्या आदल्या संध्याकाळीं, ३१ मे रोजीं, सेवानिवृत्त झालें. आईच्या तोंडचा आखाड खरा होता, पण अपुरा होता. रजिस्टरांतला १ जून पुरा होता, पण खोटा होता. आणि कागदावर अपुऱ्या खऱ्यापेक्षां पुऱ्या खोट्याचा अंमल चालतो.

मुळशीच्या लोकांस हें दुःख अधिक ठाऊक असलें पाहिजे. टाटांच्या धरणासाठीं मुळा नदीचें खोरें पाण्याखालीं जावयाचें ठरलें, तेव्हां तेथील शेतकऱ्यांनीं सत्याग्रह केला. सेनापति बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांचीं नांवें त्याच्याशीं कायमचीं जोडलीं गेलीं आहेत. लोकांच्या आठवणींत सत्याग्रहाचा आरंभ "रामनवमीला" झाला. ही तारीख अपुरी, पण किती पक्की! साल १९२१ एवढें जोडलें कीं शके १८४३ ची चैत्र शुद्ध नवमी, १६ एप्रिल, शनिवार, असा संपूर्ण दिवस मिळतो. सरकारी कागदांत मात्र जाहीरनामे, नोटिसा आणि निवाडे यांच्या तारखा इंग्रजी, आणि जमिनीची किंमत त्या जाहीरनाम्याच्या तारखेवरून ठरावयाची. शेतकऱ्याचें वर्ष मृगापासून, सावकाराचें दिवाळीच्या पाडव्यापासून, सरकारचें आणखी निराळें. तीन पंचांगें एकाच शेतावर येऊन मिळालीं, आणि ज्याचें पंचांग कागदावर होतें त्याचाच शब्द मोठा झाला.

लढा १९२४ पर्यंत चालला आणि धरण झालें. गांवें पाण्याखालीं गेलीं, माणसें पांगलीं. पांगलेल्या घरांतून ज्या आठवणी निघतात, त्यांत "पाणी आलें त्या सालीं", "गांव सोडला त्याच्या आदल्या सुगीला" अशाच तारखा असतात. त्या टिपून घेणारानें त्यांच्या जागीं ताबडतोब इसवी साल घालूं नये. जशी सांगितली तशी मिति आधीं उतरून घ्यावी. मग तिच्या शेजारीं, कंसांत, आपला तर्क लिहावा. आणि त्या तर्कास आधार काय, तेंही लिहावें. पाणी सगळ्या गांवांत एकाच दिवशीं चढलें नसणार. वरच्या अंगाच्या गांवाचें "पाणी आलें तें साल" खालच्या गांवाचें नसूं शकेल. घाईनें घातलेला आंकडा हा भेद कायमचा पुसून टाकील.

तात्पर्य, अपुऱ्या मितीशीं वागण्याचे नियम थोडे आहेत. लिहिणारास आणि वाचणारास जें न बोलतां ठाऊक होतें, तें प्रथम शोधावें. दोन दिवस संभवत असतील तर दोन्ही मांडावे. वाराची साक्ष काढावी. आणि जो भाग निघत नाहीं, तो रिकामा ठेवावा. आपल्यामागून येणाऱ्या संशोधकास कदाचित् दुसरा कागद सांपडेल आणि ती जागा भरेल; पण आपण ती चुकीच्या आंकड्यानें भरून ठेवली, तर तेथें कांहीं शोधावयाचें आहे हेंच त्यास कळणार नाहीं.